पाळीची दुर्बीण

माझं आजोळ जुन्नर तालुक्यातलं. नारायणगावला एस्टीतून उतरायचं आणि पुढे मिळेल त्या वाहनाने आत जायचं. शेतात चार भावांची मिळून एक सामाईक विहीर होती (म्हणजे अजून आहे, पण बोअरवेल आल्यापासून तिला कुणी विचारत नाही). आजोबा एका जाड वहीत पाण्याची पाळी लिहून ठेवायचे. कुणाचा वार कोणता, किती तास, कुणी पाळी कुणाला उसनी दिली, गाळ काढायला कोण आलं आणि कोण आलं नाही. त्या वहीने जेवढी भांडणं मिटवली तेवढीच लावलीही असतील. मामा मंडळी हा ब्लॉग वाचतात, त्यामुळे जास्त लिहीत नाही :-)

मी शाळेत असताना एका उन्हाळ्यात विहिरीची मोटर बदलायचं ठरलं. जुनी मोटर काढली, लगेच विकूनही टाकली. नवी बसवली तर ती चालेना. दुकानदार म्हणे वायरमनची चूक, वायरमन म्हणे मालच खराब. अकरा दिवस पाणी नाही. टोमॅटो उभेच्या उभे जळाले. त्या वर्षीचं कर्ज फेडायला थोरल्या मामांना पुढे तीन वर्षं लागली. तेव्हापासून आमच्या घरात एक म्हणच झाली आहे: "नवी चालल्याशिवाय जुनी काढू नका." लग्न जमवण्यापासून मोबाईल घेण्यापर्यंत कुठेही वापरली जाते.

ही म्हण मला एकदम आठवली ती खोडदला. तिथे २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, रेडिओ दुर्बीण लोकांना बघायला खुली असते. शाळेची मुलं आपापले प्रयोग मांडून बसतात, जत्राच भरते. एका वर्षी भाच्याला घेऊन गेले होते. ही दुर्बीण मधल्या काळात आतून जवळजवळ नवी केली, असं तिथला एक तरुण इंजिनिअर सांगत होता. मी विचारलं, "मग किती वर्षं बंद होती?" तो म्हणाला, "बंद कुठे होती? लोकांची निरीक्षणं चालूच होती की." मला मामांची मोटर आठवली, आणि घरी येऊन मी वाचायला बसले. हा लेख त्या वाचनातून आलेला आहे.

आधी थोडा इतिहास. या दुर्बिणीमागचं मुख्य नाव गोविंद स्वरूप (१९२९-२०२०). तरुणपणी ते ऑस्ट्रेलियात शिकायला होते. सिडनीजवळ सहा फुटी बत्तीस छोट्या ताटांची एक रेडिओ दुर्बीण होती आणि तिचं काम संपलेलं होतं. ती भंगारात जाण्याऐवजी भारताला द्या, असं त्यांनी सुचवलं आणि ते मान्य झालं. ती ताटं पुढे कुठे उभी राहिली असतील? आपल्या कल्याणला! १९६५ साली. स्वरूप तेव्हा टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. भारतातल्या रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात अशी दुसऱ्यांनी वापरून सोडलेल्या सामानावर झाली. मला हे फार आवडलं. थोरल्या भावाच्या पुस्तकांवर शिकलेल्या प्रत्येकाला आवडेल.

त्यानंतर १९७० मध्ये उटीची दुर्बीण झाली, ५३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद, डोंगराच्या उतारावर बसवलेली. आणि १९८४ च्या सुमारास जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपची, म्हणजे जीएमआरटीची कल्पना निघाली. जागा ठरली खोडदची, पुण्यापासून साधारण ८० किलोमीटर. ती चालवते पुणे विद्यापीठाच्या आवारातली एनसीआरए ही टीआयएफआरचीच शाखा.

४५ मीटर व्यासाची तीस ताटं. चौदा मध्यभागी एक किलोमीटरच्या परिसरात, बाकीची सोळा इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर लांबपर्यंत पसरलेली. दोन टोकांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. आमच्या घरी त्यांना छत्र्या म्हणतात. ९० च्या दशकात त्या उभ्या राहत होत्या तेव्हा मी कॉलेजात होते, आणि त्या छत्र्यांमुळे पाऊस पळतो असं आजी ठामपणे सांगायची.

४५ मीटरचं ताट भरीव पत्र्याचं केलं असतं तर वजन, वारा आणि खर्च काहीच झेपलं नसतं. म्हणून ते स्टेनलेस स्टीलच्या जाळीचं केलं. तार फक्त ०.५५ मिलिमीटर जाडीची. मध्ये १० मिलिमीटरचे चौकोन, कडेला २० चे. या जाळीला ताणलेल्या दोरांचा आधार. आकाशातून येणारी लहर वीस सेंटिमीटरपासून पुढे कित्येक पट लांब असते, त्यामुळे तिला ही भोकं दिसतच नाहीत, ती भरीव पत्र्यावरून परतावी तशी परतते. वारा मात्र आरपार जातो.

४ ऑक्टोबर २००१ रोजी दुर्बीण देशाला अर्पण झाली आणि २००२ पासून जगभरच्या संशोधकांना खुली झाली. इथून आजोबांच्या वहीचा भाग सुरू होतो.

वर्षाचे दोन भाग केलेले आहेत, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. कुणीही, कुठल्याही देशातून अर्ज करायचा: मला आकाशाचा हा तुकडा, या लहरींवर, इतके तास हवा आहे आणि तो का हवा आहे. तज्ज्ञांची समिती अर्ज तपासते आणि तास वाटते. मागणी असते उपलब्ध तासांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त, म्हणजे बऱ्याच जणांच्या हाती निराशाच. कुठे अचानक एखादा तारा फुटला तर त्यासाठी आयत्या वेळी पाळी देण्याचीही सोय आहे. आणि दुरुस्तीला वेळ राखून ठेवावाच लागतो, नाहीतर विहिरीत गाळ साचणार.

मला सगळ्यात शहाणपणाचा वाटलेला नियम वेगळाच आहे. ज्याने निरीक्षण केलं त्याच्याकडे ती माहिती अठरा महिने राहते. मग ती सगळ्यांना खुली. म्हणजे तुमच्या पाळीचं पाणी तुम्ही वापरा, पण उरलेलं अडवून ठेवू नका. याचा उपयोग कसा होतो पाहा. २०१० ते २०१२ मध्ये या दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर जवळजवळ सगळं दिसणारं आकाश पाहून घेतलं होतं. तीच नोंद संग्रहातून काढून एका वेगळ्या गटाने नव्या पद्धतीने पुन्हा गणित केलं आणि २०१७ साली सव्वासहा लाखांच्या आसपास रेडिओ स्रोतांची यादी जगासमोर ठेवली.

आता मोटर बदलण्याची गोष्ट.

मूळ दुर्बीण पाच खिडक्यांतून ऐकत असे: १५०, २३५, ३२५, ६१० मेगाहर्ट्झ, आणि १००० ते १४५० चा पट्टा. यांच्या मधलं आकाश तिला ऐकूच येत नव्हतं. शिवाय एका वेळी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झचीच पट्टी घेता यायची. नव्वदच्या दशकातल्या इलेक्ट्रॉनिक्सला तेवढंच झेपत होतं. बाहेर जगात नव्या दुर्बिणी येत होत्या, आणि आहे तेच नीट चालवत राहिलो तर दहा वर्षांत आपल्याकडे कुणी फिरकणार नाही, हे दिसत होतं.

त्यांनी काय ठरवलं? ताटं तीच ठेवायची, कान आणि मेंदू बदलायचे. सुरुवात मेंदूपासून. तीस ताटांच्या जोड्या होतात ४३५, आणि प्रत्येक जोडीच्या संकेतांचा मेळ घालावा लागतो. आधी हे काम खास बनवलेल्या चिप्स करायच्या. २०१० पर्यंत ते साध्या बाजारात मिळणाऱ्या कॉम्प्युटरांच्या ताफ्यावर, सॉफ्टवेअर लिहून, करून दाखवलं. त्यानंतर मोठा बदल. प्रत्येक ताटाच्या नाभीशी एक फिरता चौकोनी ठोकळा असतो आणि त्याच्या चार बाजूंवर ऐकणारी उपकरणं बसवलेली असतात. ती एकेका ताटावर चढून बदलली. २५० ते ५००, ५५० ते ८५० असे रुंद पट्टे आले, आणि १२० पासून १४५० पर्यंतचं बहुतेक आकाश ऐकू यायला लागलं. एका वेळची पट्टी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली. ताटं फिरवणाऱ्या मोटरी बदलल्या (मोटरीच!), फायबरवरून येणारे संकेत वाढवले.

आणि हे चालू असताना जुना मेंदू काढला नाही. नवा शेजारी उभा केला, दोन्ही चालू ठेवले. ताटांमागून ताटं नवी होत गेली. २०१६ पासून नवी सोय टप्प्याटप्प्याने लोकांना द्यायला सुरुवात झाली. यात काही गमवावंही लागलं. २३५ आणि ६१० वर एकाच वेळी ऐकणारं जुनं उपकरण जागेअभावी गेलं आणि त्यावर अवलंबून असलेल्यांची पंचाईत झाली. सामाईक वस्तूत सुधारणा केली की कुणाचं तरी काहीतरी जातंच. ते निदान कबूल करावं.

फळ लवकर दिसलं. १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं शियापरेली नावाचं यान मंगळावर उतरत होतं. त्याचा क्षीण संकेत ४०१ मेगाहर्ट्झच्या आसपास होता, म्हणजे जुन्या खिडक्यांच्या बाहेर आणि नव्या पट्ट्याच्या आत. खोडदच्या ताटांनी तो कोट्यवधी किलोमीटरवरून ऐकला, आणि उतरण्याच्या जरा आधी तो थांबलेलाही ऐकला. यान आदळून फुटलं होतं. २०२० मध्ये आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या दीर्घिकांमध्ये हायड्रोजन वायू किती होता, याचं मोजमाप इथे झालं. साडेसात हजारांवर दीर्घिकांचे संकेत एकत्र करून. हायड्रोजनची मूळ लहर १४२० मेगाहर्ट्झची, पण एवढ्या लांबून येताना विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ती सातशेच्या आसपास पोचते. तिथे पूर्वी खिडकीच नव्हती.

इथपर्यंत सगळं कौतुकाचं झालं. पण मामांना फोनवर हे सांगितलं तर ते शांतपणे म्हणाले, "आणि रेल्वे?"

मुद्दा खरा आहे. साध्या दुर्बिणीला अंधार लागतो, रेडिओ दुर्बिणीला शांतता. मोबाईलचे टॉवर, विजेच्या तारांवरची ठिणगी, कारखान्यातली यंत्रं, सगळ्यांची कुजबुज तिला आकाशाच्या आवाजापेक्षा मोठी ऐकू येते. नवे रुंद पट्टे घेतल्यावर तर जास्तच. खिडकी मोठी केली की गल्लीतला गोंगाटही जास्त आत येतो. म्हणून या भागात मोठ्या उद्योगांवर बंधनं आली. पुणे-नाशिक रेल्वेचा आखलेला मार्ग नारायणगावावरून होता. दुर्बिणीला बाधा येईल अशी हरकत घेतली गेली, आणि २०२५ मध्ये रेल्वे मंत्रालयाने याच कारणाने तो मार्ग नाकारला. टोमॅटो आणि कांदा रेल्वेने जाईल, पोरांना चाकणला रोज जाऊन-येऊन नोकरी करता येईल, असं वीस वर्षं ऐकत आलेल्या लोकांना हा धक्का होता. मामांचा नातू त्यातलाच एक.

मी दुर्बिणीच्या बाजूची आहे. शांतता एकदा गेली की परत विकत मिळत नाही, आणि रेल्वेचा मार्ग महाग पडला तरी वळवता येतो. पण हे पुण्यात बसून म्हणणं सोपं आहे, तेही मला कळतं. जगभरचे लोक या विहिरीतून पाळीने पाणी नेतात. काठावरचे लोक आवाज न करता बसून आहेत, आणि त्यांचं नाव पाळीच्या वहीत नाही.

आजोबांच्या वहीत शेवटची काही पानं वेगळी होती. त्यात पाळी नसलेल्यांची नावं होती. शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंनी विहिरीकडे जायला बांधावरून वाट दिली होती, म्हणून दर हंगामात त्यांना धान्य जायचं. किती, ते लिहिलेलं असायचं. भाऊ एकमेकांशी भांडले, पण त्या पानावर कधी कुणी वाद घातला नाही. एवढं महागडं काम बंद न पाडता निभावणाऱ्यांना असं एखादं पान लिहिणं अवघड जाऊ नये: तिथल्या मुलांना नोकऱ्या, रेल्वेच्या बदल्यात चांगला रस्ता, काहीतरी. नुसता २८ फेब्रुवारी पुरणार नाही.

असो. लेख लांबला. टोमॅटो किती गेले त्याचा आकडा मी मुद्दाम लिहिलेला नाही, कारण त्यावर मामांचं आणि आईचं अजून एकमत नाही.