शब्दवेध : घर्षण

बेंगळुरूत कन्नड वर्तमानपत्राच्या मथळ्यात 'घर्षणे' हा शब्द दिसला, की बहुधा कुठंतरी दोन गटांत हाणामारी झालेली असते. तिथल्या शाळेत विज्ञानाच्या तासालाही हाच शब्द चालतो. मराठीनं भांडण 'संघर्षा'कडे सोपवलं आणि 'घर्षण' यंत्रांसाठी राखून ठेवलं. मूळ एकच : संस्कृत धातू 'घृष्', म्हणजे घासणं. आपलं रोजचं 'घासणे' त्याच कुळातलं, प्राकृतातून येताना मधला 'र' गळालेलं. भांडी घासताना आपण तोच जुना धातू उच्चारतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

२०११ साली सुरू झालेल्या बेंगळुरूच्या 'नम्म मेट्रो'त घर्षणाच्या दोन्ही बाजू दिसतात. रुळाशेजारच्या तिसऱ्या पट्टीतून ७५० व्होल्टची वीज येते. ती घेणारा 'शू' पट्टीला घासत धावतो, झिजतो, बदलावा लागतो. ही झाली झीज. पण चाक रुळाला धरून पुढं जातं तेही घर्षणामुळंच. पावसानं रूळ ओला झाला की पकड सैल होते आणि चाक जागीच गरगरू शकतं. म्हणून वंगण बेअरिंगला भरपूर द्यायचं, रुळाच्या माथ्यावर मात्र तेलाचा थेंबही पडू द्यायचा नाही.

घरातही तेच : सहाण गुळगुळीत झाली, की चंदन उगाळलं जात नाही. मग पाथरवट तिला टाकी लावून देतो.