वजन घटवायचं ऑपरेशन : काट्यावर किलो दिसतात, पोटातली चरबी दिसत नाही

आमच्या वहिनींचं वजन कमी करायचं ऑपरेशन झालं त्याला तीन वर्षं झाली. ११२ किलोवरून त्या ७८ वर आल्या. गावात चर्चा एकच, किती किलो उतरले? पण मोठा फरक पडला तो पहिल्या पंधरा दिवसांत, वजन फारसं उतरायच्या आधीच. शुगर इतकी खाली आली की डॉक्टरांनी इन्सुलिन बंद केलं. हे कसं झालं असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून ही माहिती.

आपल्याकडं अनेकांना वाटतं की या ऑपरेशनात चरबी कापून काढतात. तसं नाही. चरबीला हातही लावत नाहीत. जे बदलतात ते जठर आणि आतडं. स्लीव्ह नावाच्या प्रकारात जठराचा साधारण पाऊण हिस्सा काढून टाकतात, मागं केळ्याएवढी नळी उरते. बायपासमध्ये जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्ही दुर्बिणीतून होतात. स्लीव्हमध्ये काढलेलं जठर परत येत नाही, हे सही करायच्या आधी डोक्यात पक्कं पाहिजे.

चरबी ओढून काढायचं ऑपरेशन वेगळं, त्याला लायपोसक्शन म्हणतात. त्याबद्दलचा एक अमेरिकन अभ्यास २००४ मध्ये छापून आला. १५ लठ्ठ बायकांच्या पोटाच्या कातडीखालून सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली. दहा-बारा आठवड्यांनी तपासलं तर शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल सगळं होतं तिथंच! दहा किलो जाऊनही फायदा शून्य, कारण गेलेली चरबी कातडीखालची होती.

खरी त्रासाची चरबी आत असते

चिमटीत सापडते ती कातडीखालची चरबी. दुसरी आत, आतड्यांभोवती आणि लिव्हरमध्ये साठते. आतड्यांभोवतालचं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, त्यामुळं तिथली चरबी थेट लिव्हरला त्रास देते. लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं आणि गरज नसताना रक्तात साखर सोडत राहतं. जठराच्या ऑपरेशननंतर खाणं एकदम कमी होतं, तेव्हा लिव्हरमधली चरबी लवकर उतरायला लागते. त्यात जेवण आतड्यात झपाट्यानं पोचल्यामुळं जीएलपी-१ नावाचं हार्मोन जास्त सुटतं. सध्या वजन घटवायची जी महागडी इंजेक्शनं निघालीत ती याच हार्मोनची नक्कल आहे. म्हणून शुगर आधी उतरते, वजन मागून.

आपल्या लोकांना हे जास्त लागू आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी यावर आयुष्य घातलंय, पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन आया आणि बाळं मोजलीत. २००४ साली त्यांचा आणि एका इंग्रज डॉक्टर मित्राचा जोडफोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण इंग्रजाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या माणसालाही शुगर का होते, त्याचं हे एक मोठं कारण.

म्हणून काट्याबरोबर टेपही वापरा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजायचं. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर आणि बाईची ८० च्या वर असेल तर शुगर तपासून घ्या. ऑपरेशनच्या अटीही आशियाई लोकांसाठी खाली आणल्यात. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत बीएमआय २७.५ पासून ऑपरेशनचा विचार करावा असं आहे. पाच फूट तीन इंच उंचीला हे साधारण ७० किलो होतात. याचा अर्थ ७० किलोच्या प्रत्येकानं टेबलावर झोपावं असा नाही. आहार, व्यायाम, औषध हे आधी.

चरबीबरोबर मांसही जातं

हे बोर्डावरच्या आधीच्या-नंतरच्या फोटोत दिसत नाही. उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा मांसाचा असू शकतो, आणि मांस गेलं की शुगर जाळणारं इंजिनच लहान होतं. म्हणून ताटात आधी प्रोटीन, मग भाकरी. दिवसाला किमान ६० ग्रॅमच्या आसपास सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम असतं, आणि पोट वाटीएवढं, त्यामुळं शाकाहारी माणसाची कसरतच होते. डाळ, मटकी, पनीर, दही असं थोडं थोडं दिवसभर खावं लागतं. नुसतं चालून भागत नाही, जोराचं कामही पाहिजे.

आणखी एक. चरबीच्या पेशी ऑपरेशननंतर संपत नाहीत, फक्त आकसतात. स्वीडनमधल्या संशोधकांनी २००८ साली हे दाखवलं. माल विकला पण रिकामी पोती गोदामातच, असं समजा. खाणं वाढलं की पोती परत भरतात.

त्याच स्वीडनमध्ये १९८७ पासून दोन हजारांवर ऑपरेशन झालेल्या लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. मधुमेह असलेल्यांपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के त्यातून बाहेर होते, दहा वर्षांनी ३६ टक्केच. तिकडची बरीच ऑपरेशनं जुन्या पद्धतीची होती, हेही खरं. तरी ‘शुगर कायमची गेली’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मधुमेह नवा असेल तर फायदा जास्त, जुना आणि इन्सुलिनवरचा असेल तर कमी.

वहिनींचं घोडं अडलं ते गोळ्यांवर. वर्षभरानं बरं वाटतंय म्हणून त्यांनी गोळ्या सोडल्या. कागदावर लिहिलेलं होतं, पण त्या आयुष्यभर घ्यायच्या असतात हे आम्हाला समजेल असं कुणी सांगितलं नव्हतं. पायाला मुंग्या आल्या, चप्पल निसटलेली कळेना. बी-१२ तळाला गेलं होतं. हे जीवनसत्त्व अंगात घ्यायला जठरातलं एक द्रव्य लागतं, आणि जठरच कमी केलेलं. इंजेक्शनांनी मुंग्या बऱ्याच कमी झाल्या, पूर्ण गेल्या नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, रक्ताची तपासणी दर वर्षी, शुगर नॉर्मल असली तरी.

सतत उलट्या होऊन डोळ्यांपुढं दोन-दोन दिसत असतील किंवा चालताना तोल जात असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, ती बी-१ ची कमतरता असू शकते. वजन भराभर उतरताना पित्ताशयात खडे होतात. बायपासनंतर दारू लवकर चढते. शुगर-बीपीच्या गोळ्यांचा डोस डॉक्टरकडून लगेच कमी करून घ्यावा लागतो, नाहीतर शुगर एकदम खाली जाते. आणि तरुण बायकांनी ध्यानात ठेवावं, वजन उतरलं की अडलेली पाळी सुरू होऊन दिवस जाऊ शकतात, पण पहिले वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात.