यानातली मोरी

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरासाठी आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही दोघे राळेगणसिद्धीस गेलो होतो. दिवसा श्रमदान, सायंकाळी व्याख्यान आणि रात्री निजानीज होईपर्यंत मुलांचा एक खेळ, असा क्रम होता. या खेळात एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र वठवतात आणि अडचणीच्या प्रसंगाचा निकाल फाशांनी लागतो. मुले त्यास ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. त्यांची कथा एका अंतराळयानात घडत होती आणि त्या यानाचा नकाशा त्यांनी चौकटीच्या कागदावर मोठ्या हौसेने काढला होता. नियंत्रणकक्ष, शस्त्रागार, इंजिनघर, सारे यथास्थित होते. शिबिरासाठी दूध घेऊन येणारे गावातले एक वयस्क शेतकरी तो कागद बराच वेळ न्याहाळत राहिले आणि म्हणाले, “सर, पोरांनी घर तर झ्याक काढलंय. पण यात मोरी कुठं हाये? आन् मोरीचं पाणी जातं कुठं?”

मुले हसली. आम्हास मात्र तो प्रश्न साहित्यसमीक्षेचा वाटला. काल्पनिक यान खरे कशाने वाटते, याचा इतिहास चाळू लागलो तेव्हा या प्रश्नाचे वय पुष्कळच निघाले.

मराठीत चंद्राकडे जाणारे वाहन आले ते 1900 साली. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या ‘केरळकोकिळ’ मासिकात ज्यूल व्हर्नच्या 1865 सालच्या कादंबरीवर आधारलेली ‘चंद्रलोकची सफर’ क्रमशः प्रसिद्ध झाली. व्हर्नच्या मूळ कादंबरीत माणसांना चंद्राकडे नेणारा अ‍ॅल्युमिनियमचा पोकळ तोफगोळा आहे. तोफेतून माणसे उडवणे ही कल्पना शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही, कारण तो धक्का कोणाही प्रवाशास सोसवला नसता. परंतु त्याच गोळ्याच्या आतले वर्णन आजही पटते, आणि त्याचे कारण व्हर्नने हवेचा हिशेब मांडला आहे. पोटॅशियम क्लोरेट तापवून प्राणवायू मिळवायचा आणि उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड कॉस्टिक पोटॅशकडून शोषून घ्यायचा, अशी ती योजना. इतकेच नव्हे, तर उड्डाणापूर्वी एक पात्र बंद गोळ्यात कित्येक दिवस राहून ती योजना पारखते आणि बाहेर येते ते चक्क लठ्ठ होऊन. तोफ खोटी, पण श्वास खरा, अशी ही गंमत आहे.

पुढे आपल्याकडे 1966 साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली आणि तिच्या कथास्पर्धेने विज्ञानकथेस हक्काचे व्यासपीठ दिले. 1974 च्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेस पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरे उलटवून घेतलेले टोपणनाव होते, हे वाचकांस ठाऊक असेलच. नारळीकर 2025 साली निवर्तले. एखादे वैज्ञानिक तत्त्व कथेचा कणा व्हावे, हा दंडक त्यांनी मराठी विज्ञानकथेस घालून दिला आणि त्याचे ऋण मोठे आहे. तथापि आमच्या वाचनातील मराठी विज्ञानकथांपुरते बोलायचे तर त्यांत विश्वाचे नियम काटेकोरपणे पाळलेले दिसतात, पण यानाचा संसार क्वचितच दिसतो. अंतराळवीर प्रकाशाच्या वेगाचे गणित करतो, मात्र तो अंघोळ कशी करतो हे कळत नाही. कथेत हे खपून जाते, कारण लेखक वाचकास नको त्या खोलीत नेतच नाही.

खेळात ही सोय नाही. तेथे पात्र खेळाडूच्या हाती असते आणि खेळाडू कोणतेही दार उघडू शकतो. चित्रपट आणि खेळ यांनी यानाच्या अंतर्भागाचा विचार अधिक बारकाईने केला, तो बहुधा याच निकडीपोटी. स्टॅन्ली कुब्रिकच्या 1968 सालच्या ‘2001: अ स्पेस ओडिसी’त वजनरहित अवस्थेतल्या संडासाच्या दारावर सूचनांचा लांबलचक फलक लावलेला आहे. पडद्यावर ती थट्टा आहे, पण तिच्यामुळे ते यान राहते घर होते. 1979 च्या ‘एलियन’साठी चित्रकार रॉन कॉब याने मालवाहू यानाच्या भिंतींवर लावायच्या खुणांची एक संपूर्ण चिन्हलिपीच रचली. कारखान्यात काम करणाऱ्या माणसास जसे धोक्याचे फलक वाचता आले पाहिजेत, तसेच यानावरच्या कामगारासही, हा त्यामागचा विचार.

या दोहोंच्या मध्ये, 1977 साली, अमेरिकेत मार्क मिलर याचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ निघाला. अंतराळयानाच्या संसाराचे पहिले खतावणीपुस्तक म्हणून आम्ही त्याकडे पाहतो. त्यात यानाचे मजले दीड मीटरच्या चौकटींत आखायचे असतात. एका झेपेला यानाच्या आकारमानाच्या किमान दहाव्या हिश्श्याइतके इंधन लागते, म्हणजे तेवढी जागा मालास मिळत नाही. प्रत्येक खोलीमागे दर पंधरवड्यास हवापाण्याचा खर्च मोजावा लागतो आणि कर्ज काढून घेतलेल्या यानाचे मासिक हप्ते चाळीस वर्षे फेडावे लागतात. पात्रे साहसास निघतात ती हप्ता थकला म्हणून! कर्जाचा हप्ता म्हणजे काय हे नगर जिल्ह्यातल्या मुलास समजावून सांगावे लागत नाही.

हिशेब चुकला की काय होते, हे प्रत्यक्षातही दिसून आले. 1991 साली अमेरिकेतील अ‍ॅरिझोनात ‘बायोस्फिअर 2’ या काचेच्या बंद वास्तूत आठ माणसे दोन वर्षांसाठी राहावयास गेली. आत शेती होती, झाडे होती, लहानसा समुद्रही होता. सुमारे सोळा महिन्यांत तेथील प्राणवायू जवळजवळ एकवीस टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांवर उतरला आणि बाहेरून प्राणवायू पुरवावा लागला. सुपीक मातीतले जीवाणू तो वापरत होते आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड बांधकामातले काँक्रीट शोषून घेत होते. एवढी विद्वत्ता असूनही भिंतच श्वास गिळते हे आधी लक्षात आले नाही. उलट आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर घाम, उच्छ्वासातली वाफ आणि मूत्र यांतून सुमारे 98 टक्के पाणी परत मिळवण्यात 2023 साली यश आले. त्या शेतकऱ्यांच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते: मोरीचे पाणी पुन्हा पेल्यात येते.

आता राळेगणसिद्धीकडे येऊ. पर्जन्यछायेतल्या पारनेर तालुक्यातले हे गाव. 1975 साली अण्णा हजारे सैन्यातून परतले आणि पुढील वर्षांत गावाने पाणलोटाची कामे केली. पडलेले पाणी गावातच अडवून जिरवावयाचे, उसासारख्या तहानलेल्या पिकास आवर घालायचा, संडासाच्या मैल्यापासून गॅस करायचा. बाहेरून फारसे काही येणार नाही असे धरून आतल्याचा हिशेब मांडणे, हेच तर यानाचे शास्त्र!

परंतु राळेगण आणखी एक गोष्ट शिकवते आणि ती कोणत्याही नकाशात उमटत नाही. हिशेब पाळावयास नियम लागतात. श्रमदानासह नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि नसबंदी ही या गावाची पंचसूत्री प्रसिद्ध आहे. या शिस्तीने गाव उभे राहिले हे खरे. त्याच शिस्तीपोटी दारू पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले, हेही लपून राहिलेले नाही आणि त्यावर कठोर टीकाही झाली आहे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदीचा भार ज्याच्याजवळ जमीन नाही, चार शेळ्याच आहेत, त्याच्यावर अधिक पडतो, हेही विसरता येत नाही. जेथे पाणी मोजून मिळते तेथे मोजणाऱ्याच्या हाती सत्ता येते. यानाच्या कप्तानाची कथा लिहिणाऱ्याने हा प्रश्न टाळला, तर त्याचे यान कितीही चकचकीत असले तरी पोकळच राहील. व्हर्नने श्वासाचा हिशेब दिला, मिलरने पैशाचा. माणसामाणसांतल्या वाट्याचा हिशेब मराठी लेखकास अधिक चांगला मांडता यावा असे आम्हास वाटते, कारण दुष्काळ, टँकर आणि पाणीपाळीची भांडणे त्याने पुस्तकात वाचलेली नाहीत, पाहिलेली आहेत.

असो. दुसऱ्या रात्री मुलांनी नकाशा नव्याने काढला. शस्त्रागार आक्रसले, मधोमध पाण्याची टाकी आली आणि तिच्या शेजारी मोरी. खेळ सुरू होणार तोच सूत्रधार मुलीने विचारले, “टाकीची किल्ली कुणाकडे?” त्या रात्री यान जागचे हलले नाही. बारा वाजेपर्यंत मुले तेवढ्याच प्रश्नावर भांडत होती, आणि दिवे मालवा असे त्यांना सांगण्याचे आम्हा दोघांच्याही जिवावर आले.