१७ नोव्हेंबर १९३८ : इटलीत वंशभेदाचा कायदा

‘इटालियन वंशाच्या रक्षणासाठी’ असे भारदस्त नाव असलेला १७२८ क्रमांकाचा हुकूम इटलीत आजच्या दिवशी निघाला. सही राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याची, इच्छा हुकूमशहा मुसोलिनीची. ज्यूंना सैन्य, सरकारी नोकरी, बँका, विमा कंपन्या बंद. ‘आर्य’ इटालियनाशी लग्न बंद. घरकामाला ‘आर्य’ बाईसुद्धा ठेवायची नाही! इतक्या बारकाईने द्वेष लिहायला कारकुनी चिकाटीच लागते. शाळा-कॉलेजांची दारे तर सप्टेंबरातच लागली होती.

चार कोटींहून अधिक वस्तीच्या या देशात ज्यू होते पन्नास हजारांच्या आसपास, आणि त्यांतले कित्येक फॅसिस्ट पक्षाचेच सभासद. मुसोलिनीचे चरित्र लिहिणारी, एकेकाळची त्याची प्रेयसी मार्गेरिता सारफात्ती हीसुद्धा ज्यू. तिलाही देश सोडावा लागला. भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांच्या पत्नी लॉरा ज्यू होत्या. डिसेंबरात नोबेल घ्यायला स्टॉकहोमला गेलेले फर्मी कुटुंब मायदेशी न परतता अमेरिकेला गेले. तुरिनच्या रीता लेव्ही-मोंताल्चिनी यांनी नोकरी गेल्यावर झोपायच्या खोलीतच प्रयोगशाळा मांडली आणि कोंबडीच्या भ्रूणांवर संशोधन चालू ठेवले. १९८६ मध्ये त्यांनाही नोबेल मिळाले.

हुकमाआधी ऑगस्टमध्ये ज्यूंची शिरगणती झाली होती. १९४३ मध्ये जर्मन फौजा आल्या तेव्हा नावा-पत्त्यांच्या याद्या आयत्या तयार होत्या. त्या ऑक्टोबरात रोमहून हजाराहून अधिक ज्यूंना ऑशविट्झला नेण्यात आले. परत आले सोळा.