समिधेचा हिशेब

आनंदवनाची गोष्ट सांगताना एक यादी ठरलेली असते. जून १९५१, वरोऱ्याबाहेरचं खडकाळ झुडपी रान, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये. बाबा आमटे, साधनाताई आणि त्यांची दोन लहान मुलं, विकास आणि प्रकाश. उद्घाटनाला विनोबा. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कुठल्याही भाषणात ही यादी येतेच. ती ऐकताना मला दर वेळी एक साधा प्रश्न पडतो : त्या संध्याकाळी दहा माणसांच्या जेवणाची चूल कुणी पेटवली? विकास तेव्हा चार वर्षांचाही नव्हता, प्रकाश तीन वर्षांचाही नव्हता. साप-विंचू आणि बिबट्याच्या रानात त्यांना रात्री निजवलं कुणी?

उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून ते कुणी सांगत नाही. संस्थेच्या इतिहासात स्थापनेची तारीख येते, उद्घाटक येतो, पुरस्कार येतात. चुलीची नोंद राहत नाही. साधनाताईंचं आयुष्य असं नोंदीबाहेर घडलं.

माहेरच्या त्या इंदू घुले. जन्म ५ मे १९२६. नागपूरचं घुलेशास्त्र्यांचं घर, संस्कृत विद्येची परंपरा, कडक सोवळंओवळं. हिंगणघाटचे मुरलीधर आमटे तेव्हा केस-दाढी वाढवून संन्याशासारखे राहत होते. इंदूच्या बहिणीच्या लग्नाची घरात धांदल चालली होती, आणि ही मुलगी कुणाच्या नकळत म्हाताऱ्या मोलकरणीला कपडे धुवायला मदत करत होती. हे दृश्य मुरलीधरांनी पाहिलं आणि संन्यासाचा विचार मागे पडला. १८ डिसेंबर १९४६ ला त्यांचं लग्न झालं.

ही आठवण बहुतेक वेळा प्रेमकथा म्हणून सांगितली जाते. मला तिच्यात दुसरं काही दिसतं. बाबांची भेट होण्याआधीच ताईंचा हात दुसऱ्याच्या कामाला लागलेला होता. सेवा त्यांना नवऱ्याने शिकवली, असं म्हणणाऱ्यांनी हा क्रम लक्षात घ्यावा.

लग्नानंतर त्या वरोऱ्याच्या श्रमाश्रमात आल्या. तिथे सर्व जातिधर्मांची माणसं एकत्र राहायची, एकाच चुलीवरचं जेवायची. शास्त्र्यांच्या घरातल्या विशीतल्या मुलीला हे किती जड गेलं असेल, ते १९४०च्या दशकातला विदर्भ डोळ्यांपुढे आणला की कळतं. ताईंनी सोवळं सोडलं, पण देव सोडला नाही. बाबांची श्रद्धा माणसाच्या पुरुषार्थावर, पूजाअर्चेत त्यांना रस नव्हता. ताई अखेरपर्यंत भाविक राहिल्या. एका छपराखाली या दोन श्रद्धा साठ वर्षांहून अधिक काळ नांदल्या. शिवायचं कुणाला आणि टाळायचं कुणाला, हा प्रश्नच ताईंच्या भक्तीतून गळून गेला होता, आणि मला त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ज्या रोगाच्या नुसत्या नावाने सख्खी माणसं घराचं दार लावून घेत, त्या रोगाच्या माणसांमध्ये त्यांनी आपली मुलं वाढवली.

सुरुवातीला आनंदवनात पिकलेली भाजी नि तिथलं दूध वरोऱ्याचे लोक घेत नसत. १९५४ मध्ये ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’चे परदेशी तरुण तिथे श्रमदानाला आले. ते रुग्णांबरोबर राबतात, तिथलं अन्न खातात, हे पाहून गावाची भीती हळूहळू ओसरली. पुढे लेखक-कलावंत यायला लागले, मित्रमेळावे भरायला लागले, पु. ल. देशपांड्यांसारखे स्नेही जोडले गेले. या सगळ्यांची पंगत अखेर ताईंच्या स्वयंपाकघरापाशी येऊन टेकायची. आनंदवन या नावातला आनंद त्या पंगतीत होता. बोटं झडलेली माणसं आणि नामवंत पाहुणे एकाच ठिकाणचं जेवत होते, आणि वाढणारीच्या चेहऱ्यावर उपकाराचा भाव नव्हता.

मग हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ ला भामरागडच्या जंगलात माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. गडचिरोली जिल्हा तेव्हा झालाही नव्हता, तो १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा निघाला. पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती यांच्या संगमाजवळचा हा भाग पावसाळ्यात जगापासून तुटायचा. स्वप्न बाबांचं. तिथे राहायला गेले डॉ. प्रकाश आणि त्यांच्या पत्नी डॉ. मंदाकिनी. वीज नाही, रस्ता नाही अशा ठिकाणी आपला मुलगा नि सून संसार मांडणार, हे मान्य करणं आईच्या वाट्याला आलं. एकदा स्वतः रानात मुलं वाढवलेल्या बाईला त्याचा अर्थ नेमका माहीत होता.

१९९० मध्ये बाबा आनंदवन सोडून नर्मदेकाठी कसरावदला राहायला गेले. ताई साठीच्या पुढे होत्या. त्या तिथेही गेल्या आणि पुन्हा नव्याने घर मांडलं.

हा निव्वळ त्याग होता का? आज प्रश्न विचारायलाच हवा. एका माणसाच्या ध्यासामागे दुसऱ्याने आयुष्यभर जावं, ही अपेक्षा बायकांकडूनच केली जाते. ताईंनी आत्मकथन लिहिलं त्यात बाबांचा तापट स्वभाव आणि स्वतःची ओढाताण लपवलेली नाही. पुस्तकाला नाव दिलं ‘समिधा’. समिधा दुसऱ्याच्या यज्ञात जळते, हे खरं. पण हे नाव त्यांनी स्वतः निवडलं, स्वतःच्या हाताने लिहिलं. जळणाऱ्या लाकडाने यज्ञाची हकिकत सांगावी, असं क्वचितच घडतं.

बाबा ९ फेब्रुवारी २००८ ला गेले, ताई ९ जुलै २०११ ला. पुढच्या वेळी ती यादी कुणी म्हणून दाखवली, तर १४ रुपयांनंतर क्षणभर थांबावं आणि त्या १४ रुपयांत घर चालवणाऱ्या पंचवीस वर्षांच्या बाईचं नाव घ्यावं. गोष्ट तिथूनच उभी राहिली.