फाहियानचा सागरप्रवास

पाचव्या शतकातील नौकानयन ऋतूच्या वाऱ्यावर अवलंबून होते. चिनी भिक्खू फाहियान हिवाळी वाऱ्यावर ताम्रलिप्तीहून १४ दिवसांत सिंहलद्वीपास पोहोचला. इ. स. ४११ च्या सुमारास स्वदेशी निघाल्यावर वादळात जहाज फुटू लागले. व्यापाऱ्यांप्रमाणे त्यानेही आपली भांडी समुद्रात टाकली, ग्रंथ मात्र राखले. जावात ५ महिने थांबून, चौथ्या चांद्रमासात त्याने दुसरे जहाज धरले. शिधा ५० दिवसांचा. परंतु ढगांनी तारे झाकले, दिशा चुकली आणि ७० दिवस उलटले. गोडे पाणी मोजून वाटले गेले. अन्न खाऱ्या पाण्यात शिजले. श्रमणामुळे संकट ओढवले, त्यास बेटावर सोडावे, असे सहप्रवासी ब्राह्मणांनी ठरविले; त्याच्या दानपतीने ते निर्धाराने रोखले. म्हणूनच महीशासक विनय चीनला पोहोचला.