ग्रंथालयाची किल्ली

ग्रंथालयात काही नवे घडले, की पहिली आठी प्राध्यापकांच्या कपाळावर उमटते, अशी आपली समजूत आहे. इतिहास चाळला, तर ती अर्धीच खरी ठरते.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने एस. आर. रंगनाथन या गणिताच्या प्राध्यापकांना ग्रंथपाल नेमले. हे गृहस्थ लवकरच कंटाळले आणि वर्गावर परत जाऊ द्या म्हणू लागले! मग त्यांना इंग्लंडला धाडण्यात आले. तिथली ग्रंथालये पाहून १९२५ साली ते परतले, ते अगदी निराळे होऊन. वाचकाने चिठ्ठी लिहावी आणि शिपायाने पुस्तक आणून द्यावे, ही जुनी रीत. रंगनाथनांनी फडताळे वाचकांना मोकळी केली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. पुस्तक हे वापरण्यासाठी असते, हे त्यांतले पहिले. ते त्यांना सुचवले कोणी? एडवर्ड रॉस या त्यांच्या जुन्या प्राध्यापकांनी!

शिकवणारा माणूस पुस्तकाला जपतो आणि जपता जपता कुलूप लावतो. त्याची भीती खोटी नसते. पाने फाटतात, पुस्तके हरवतात. पण कुलपातल्या पुस्तकाला वाळवी लागते, हे आम्हा मास्तरांइतके कोणाला ठाऊक?

आमच्या वऱ्हाडातल्या महाविद्यालयांचे विद्यापीठ पुष्कळ वर्षे नागपूरला होते. १९८३ साली अमरावतीला विद्यापीठ झाले आणि दर्यापूरच्या पोराची वाट आखूड झाली. पुढे २००९ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने पीएच.डी.च्या प्रबंधाची संगणकीय प्रत देण्याचा नियम केला. अशा प्रती ‘शोधगंगा’ या भांडारात सर्वांना खुल्या असतात. प्राध्यापकवर्गात पुन्हा कुजबुज झाली : आमचे श्रम कोणीही उचलील! शंका रास्त होती. मात्र सर्वांसमोर ठेवलेल्या प्रबंधातली उचलेगिरी लवकर उघडीही पडते.

पदवीचा कागद माझ्याजवळ नाही. तरी एका कादंबरीसाठी कापसाच्या व्यापाराची माहिती हवी होती, तेव्हा दर्यापुरात बसूनच मी असे प्रबंध वाचले. ते लिहिणारांना माझे नावही ठाऊक नसेल. त्यांचे ऋण मात्र माझ्यावर आहे.

किल्ली सोडताना हात जड होतो, हे मास्तर म्हणून मी जाणतो. पण दाराबाहेर कोण ताटकळत उभे आहे, ते दार उघडल्यावाचून कळत नाही.